कार्टनचा त्याग फळाला येतो, बाकीच्यांचे का फसतात? 'अ टेल ऑफ टू सिटीज' समजून घेताना

चार्ल्स डिकन्सची ही कादंबरी न वाचलेल्यांनाही तिचा शेवट साधारण ठाऊक असतो: एक दारुडा वकील दुसऱ्या माणसाच्या जागी गिलोटिनखाली जातो. गंमत अशी की वाचलेल्यांनाही हा शेवट पुरता उलगडलेला असतोच असं नाही. त्याने नेमकं केलं काय? कैदी तुरुंगाबाहेर काढता येत होता, तर दोघंही का नाही निसटले? आणि आयुष्याला विटलेला माणूस मेला, तर त्याला त्याग कशासाठी म्हणायचं?

या प्रश्नांची उत्तरं एकट्या सिडनी कार्टनकडे पाहून मिळत नाहीत. या कादंबरीत निदान सहा-सात जण स्वतःचं काहीतरी पणाला लावतात. त्यातले बरेचसे त्याग वाया जातात, काही तर उलटतात. मनाचा मोठेपणा सगळ्यांकडे आहे. फरक पडतो तो तयारीने, माहितीने आणि वेळ साधण्याने. (ज्यांना अजून वाचायची आहे, त्यांनी इथेच थांबावं. पुढे सगळं सांगून टाकलेलं आहे.)

## आधी कथानक, लागेल तेवढंच

कादंबरी १८५९ साली 'ऑल द इयर राउंड' या साप्ताहिकात हप्त्याहप्त्याने आली, पण कथा घडते १७७५ पासून फ्रेंच क्रांतीच्या दहशतीच्या काळापर्यंत, लंडन आणि पॅरिसमध्ये.

डॉ. मॅनेट १८ वर्षं बास्तीयच्या तुरुंगात काढून बाहेर आलेले आहेत. लूसी त्यांची मुलगी. तिचा नवरा चार्ल्स डार्ने हा मूळचा एव्हरेमोंद या फ्रेंच सरदार घराण्यातला. प्रजेला छळणाऱ्या घराची वतनदारी नको म्हणून तो इंग्लंडमध्ये शिकवण्या करून राहतो. कार्टनचंही लूसीवर प्रेम आहे. कार्टन आणि डार्ने दिसायला एकमेकांसारखे. पॅरिसमध्ये दारूचं दुकान चालवणारी मादाम दफार्ज एव्हरेमोंद घराण्याचा वंश बुडवायला निघालेली आहे.

एकच परका शब्द लक्षात ठेवावा लागेल: 'एमिग्रे'. क्रांतीच्या वेळी देश सोडून गेलेला फ्रेंच माणूस. अशांच्या मालमत्ता जप्त झाल्या आणि पुढे परत येणाऱ्याला मृत्यूची शिक्षा ठरली. डार्ने कायद्याच्या नजरेत एमिग्रे आहे.

## फसलेले त्याग

पहिला त्याग कादंबरीच्या आरंभाच्याही आधीचा, १७५७ सालचा. एव्हरेमोंद बंधूंनी एका शेतकऱ्याच्या मुलीला पळवून नेलं. तिचा भाऊ, जेमतेम सतरा वर्षांचा पोरगा, तलवार घेऊन त्यांच्या वाड्यात शिरला आणि जखमी होऊन मेला. जाण्याआधी त्याने एक गोष्ट शहाणपणाने केली होती: धाकट्या बहिणीला सरदाराचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी नेऊन ठेवलं. त्याच्या त्यागातला तेवढाच भाग टिकला. ती वाचलेली बहीण म्हणजेच मादाम दफार्ज. भावाने वाचवलेलं आयुष्य तिने सूड उगवण्यात घातलं, आणि तिच्या यादीत लूसीची लहान मुलगीसुद्धा आली. डिकन्सने हा धागा फार वर काढून दाखवलेला नाही, पण माझ्या मते पुस्तकातली सगळ्यात कडू गाठ हीच.

दुसरा त्याग डॉ. मॅनेटांचा. त्या मरणाऱ्या बहीणभावावर उपचार करायला त्यांनाच नेलं होतं. गप्प राहण्यासाठी मिळालेलं सोनं त्यांनी नाकारलं आणि मंत्र्याला खाजगी पत्र लिहून सगळं कळवलं. चूक पद्धतीत झाली. पत्राची दुसरी प्रत नाही, साक्षीदार नाही, बायकोलासुद्धा पत्ता नाही. पत्र थेट एव्हरेमोंद बंधूंच्या हाती पडलं, त्यांनी ते डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत जाळलं आणि डॉक्टर बास्तीयमध्ये गेले. तिथे दहा वर्षांनी त्यांनी काजळी, कोळसा आणि स्वतःचं रक्त कालवून केलेल्या शाईने हकीकत लिहिली, एव्हरेमोंदांच्या शेवटच्या वंशजापर्यंत सर्वांना शाप दिला आणि कागद चिमणीत लपवला. तो कागद १४ जुलै १७८९ ला, बास्तीय पडल्या दिवशी, मादामच्या नवऱ्याला, दफार्जला, सापडला. पुढे न्यायालयात डार्नेला मारायला पुरावा म्हणून वाचला गेला तो हाच.

तिसरा डार्नेचा, आणि तो सगळ्यात बारकाईने पाहण्यासारखा. वतन सोडलं ते मनापासून, पण अर्धवट सोडलं. कारभारी गाबेल याला रयतेला सवलत द्यायच्या लेखी सूचना दिल्या आणि तेवढ्यावर तो इंग्लंडात संसारात रमला. जमीन कोणाच्या नावावर, वसुलीचं काय, गाबेलच्या जिवाचं काय, हे त्याने मार्गी लावलं नाही. घाई झाली, काम अपुरं राहिलं, हे तो स्वतः मनाशी कबूल करतो. १७९२ च्या ऑगस्टमध्ये गाबेलचं तुरुंगातून पत्र येतं: एमिग्रेसाठी काम केलं म्हणून मला मारणार आहेत, वाचवा. डार्ने त्याच आठवड्यात निघतो. घरच्यांसाठी दोन चिठ्ठ्या मागे ठेवतो, तोंडी कोणालाच सांगत नाही. आपला हेतू चांगला आहे एवढं पॅरिसला पटलं की झालं, असा त्याचा हिशेब. ज्या दिवशी तो इंग्लंड सोडतो त्याच दिवशी एमिग्रेंची मालमत्ता विकायचा हुकूम निघतो, आणि तो पोचल्यावर सरळ ला फोर्स तुरुंगात जातो.

इथे न्यायाने एक सांगायला हवं. गाबेल सुटतो. डार्ने स्वतः हजर झाला, म्हणून गाबेलवरचा आरोप मिटला असं ठरतं. पण ते सव्वा वर्षाने, आणि तोवर डार्नेच्या मागे बायको, मुलगी, म्हातारा सासरा असे सगळे पॅरिसमध्ये अडकलेले असतात. एका माणसाला सोडवायला गेलेल्याने चार जीव धोक्यात घातले.

लूसीचंही तसंच. नवऱ्याला तुरुंगाच्या खिडकीतून कधीतरी आपण दिसू, या आशेने ती रोज दोन ते चार रस्त्याच्या एका कोपऱ्यावर उभी राहते. पाऊस असो, थंडी असो. तिथे एक लाकूडतोड्या राहतो. 'ही बाई कैद्यांना खुणा करत होती' अशी साक्ष द्यायला मादाम दफार्ज त्याला तयार करते. प्रेमाने केलेलं व्रत तिच्याच विरुद्धचा पुरावा बनतं.

## कार्टन वेगळं काय करतो

एखाद्याला मूत्रपिंड द्यायची नुसती इच्छा असून भागत नाही. सहसा रक्तगट जुळावा लागतो, तपासण्या लागतात, शस्त्रक्रिया करणारे हात लागतात, वेळ गाठावी लागते. कार्टनच्या बाबतीत जुळणी चेहऱ्याची आहे, बाकीचं त्याला स्वतः उभं करावं लागतं. तो ते कसं करतो, हे क्रमाने पाहू.

डार्ने पॅरिसच्या न्यायालयातून एकदा सुटतो आणि त्याच दिवशी पुन्हा पकडला जातो. त्या रात्री, म्हणजे दुसरा निकाल लागायच्या आधीच, कार्टन दोन कामं उरकतो.

पहिलं, तुरुंगात शिरायची वाट. बार्साड नावाचा माणूस तिथे कैद्यांमध्ये मिसळून हेरगिरी करतो. कार्टन त्याला पत्ते खेळल्यासारखा एकेक पान टाकून घेरतो. हा पूर्वी इंग्रज सरकारचा हेर होता, नंतर पाडल्या गेलेल्या फ्रेंच राजवटीचा. त्याचा साथीदार क्लाय मेला म्हणून लंडनमध्ये अंत्ययात्रा निघाली, ती खोटी होती. हे शेवटचं पान जेरी क्रंचरमुळे हाती येतं. जेरी रात्री कबरी उकरून प्रेतं विकायचा, त्यामुळे त्या शवपेटीत दगडमाती होती हे त्याला पक्कं ठाऊक. यातली एक गोष्ट जरी बाहेर आली तरी बार्साड गिलोटिनवर जाणार. बदल्यात कार्टन मागतो फक्त एक गोष्ट: कैद्याची एकदा भेट.

दुसरं, औषध. रात्री दहा वाजून गेल्यावर तो एका औषधविक्याकडे कागदावर लिहून नेलेली रसायनं घेतो. ती वेगवेगळी ठेवा, मिसळली तर काय होतं माहीत आहे ना, असं तो दुकानदार बजावतो.

दुसऱ्या दिवशी निकाल: चोवीस तासांच्या आत मृत्यू. संध्याकाळी कार्टन दफार्जच्या दुकानात जाऊन बसतो, फ्रेंच धड येत नाही असं दाखवत वर्तमानपत्र वाचतो आणि मादामचं बोलणं ऐकतो. ती कोण हे तिथे कळतं. तिला लूसी, मूल आणि डॉक्टर तिघंही हवे आहेत हेही कळतं. या माहितीमुळे बेताला दुसरं अंग येतं. डार्ने वाचला आणि घरचे पॅरिसमध्येच राहिले, तर उपयोग शून्य.

मग तो लॉरीकडे जातो. जार्विस लॉरी हा बँकेचा जुना माणूस, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षात. कार्टन त्याला शहर सोडण्याचे परवाने देतो. डॉक्टर, लूसी आणि मुलीचा एक, शिवाय स्वतःचा. उद्या दुपारी दोनला घोडे जुंपून तयार ठेव, माझी जागा भरली की क्षणभरही थांबू नकोस, काहीही झालं तरी बेत बदलू नकोस, असं वचन घेतो. जागा कोणाच्या देहाने भरणार, हे सांगत नाही.

या बेताचा गाभा म्हणजे दोन ठिकाणची मोजदाद. त्या दिवशी गिलोटिनवर ५२ जण जायचे आहेत, तुरुंगात ५२ डोकी भरली पाहिजेत. शहराच्या नाक्यावर परवान्यातल्या नावांएवढी माणसं गाडीत दिसली पाहिजेत: डॉक्टर, लूसी, मूल, कार्टन, लॉरी. कार्टन तुरुंगात राहतो म्हणून पहिली मोजणी जुळते, आणि 'कार्टन' म्हणून डार्ने गाडीत पडलेला असतो म्हणून दुसरी.

शेवटचा टप्पा काँसिएर्जरी तुरुंगात. शिक्षेची वेळ तीनची. एक वाजून गेल्यावर कार्टन कोठडीत येतो. आधी बूट बदलायला लावतो, मग गळपट्टा, कोट, केसांची फीत. डार्ने विरोध करतो: इथून पळता येत नाही, तुझाही जीव जाईल. पळायचं मी म्हटलंय का, असं म्हणून कार्टन त्याला लिहायला बसवतो. मजकूर लूसीसाठीचा, तुझ्या माणसासाठी जीवही देईन या पूर्वी दिलेल्या शब्दाची आठवण देणारा. लिहिताना हात गुंतलेले, नजर कागदावर. तेवढ्यात औषधाची वाफ नाकाजवळ. मिनिटभराची झटापट, आणि डार्ने बेशुद्ध. निरोपाने खचलेला पाहुणा म्हणून बार्साडची माणसं त्याला उचलून बाहेर नेतात.

## बार्साड हाताशी होता, मग दोघांनाही का नाही सोडवलं?

कारण धाकाला मर्यादा असते. बार्साडला कोंडीत पकडता येतं ते त्याच्या जिवाच्या भीतीवर. त्याच्याकडून कैदी पळवून न्यायची मागणी केली असती तर त्यातही त्याचं डोकं जाणारच होतं, मग त्याने कार्टनचं ऐकायचं कशाला? एक भेट आणि एक बेशुद्ध पाहुणा बाहेर नेणं, एवढं तो जीव शाबूत ठेवून करू शकतो. एक माणूस कमी भरला असता तर आरडाओरड झाली असती आणि नाक्यावरच गाडी अडवली असती. बार्साडला शेवटपर्यंत काळजी आहे ती ५२ चा आकडा भरेल ना, याचीच.

## उरलेली वीस-पंचवीस मिनिटं कोणी दिली?

कार्टन सगळं योजतो, तरी एक फट राहते. मादाम दफार्ज लूसीच्या घरी निघते. फाशी जाणाऱ्याबद्दल शोक करणं हाही गुन्हा, आणि नवरा मरत असताना लूसी रडत असणारच, तेव्हाच तिला पकडायचं. घर रिकामं दिसलं असतं तर पाठलाग सुरू झाला असता.

घरात असते फक्त मिस प्रॉस, लूसीला लहानाची मोठी करणारी इंग्रज बाई. मोठ्या गाडीत गर्दी नको आणि वाटेत वेग राहावा म्हणून ती आणि क्रंचर मागून हलक्या गाडीने निघणार आहेत. दोन वाजून वीस मिनिटांनी तिला समोर मादाम दिसते. खोल्या उघड्या असतील तर माणसं गेली हे कळेल, म्हणून ती चारही दारं लावून घेते आणि लूसीच्या खोलीपुढे उभी राहते. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. झोंबाझोंबीत मादामचं पिस्तूल उडतं, मादाम मरते. मिस प्रॉस दार लावून निघते, पुलावरून किल्ली नदीत टाकते आणि कॅथेड्रलच्या दाराशी क्रंचरला गाठते. त्या आवाजाने तिचे कान जन्माचे गेलेले असतात.

वाचक हिला विसरतात याचं मला नेहमी नवल वाटतं. ती अडून राहिली नसती तर कार्टन फुकट मेला असता.

लॉरीचा वाटाही असाच नजरेआड राहतो. लूसी पॅरिसला येते तेव्हा तो तिला बँकेच्या इमारतीत ठेवून घेत नाही, वेगळी जागा पाहून देतो. एमिग्रे कैद्याची बायको तिथे असणं बँकेला धोक्याचं. स्वतःचा जीव तो तिच्यासाठी खुशाल देईल, पण लोकांनी विश्वासाने ठेवलेली ठेव पणाला लावायचा त्याला हक्क नाही, असं तो मानतो. त्याग आपल्या मालकीच्या गोष्टीचाच करता येतो, एवढी स्पष्ट रेघ या कादंबरीत दुसरं कोणी ओढत नाही.

## कार्टनला जगायचंच नव्हतं, मग त्याग कसला?

हा आक्षेप वजनदार आहे. हुशार असून तो स्ट्रायव्हर नावाच्या वकिलासाठी रात्र रात्र राबतो, श्रेय त्याला देतो आणि पिऊन पडून राहतो. स्वतःला वाया गेलेला म्हणतो.

पण शेवटच्या दोन दिवसांतलं त्याचं वागणं पाहा. कित्येक वर्षांत पहिल्यांदा तो कडक दारू घेत नाही. हातातली ब्रँडी लॉरीच्या शेकोटीपाशी हळूहळू ओतून टाकतो. रस्ता ओलांडायला घाबरलेल्या छोट्या मुलीला चिखलातून उचलून नेतो. नुसतं मरायचंच असतं तर लंडनची दारू पुरेशी होती, त्यासाठी परवाने, रसायनं आणि घोड्यांची वेळ जमवायची गरज नव्हती. मरण हे या बेतात साधन आहे. डार्ने वाचायची दुसरी वाट असती तर कार्टनने ती धरली नसती, असं म्हणायला पुस्तकात काहीच आधार सापडत नाही.

शिवाय डिकन्सने कल्पना उचलली कुठून, तेही पाहावं. प्रस्तावनेत तो सांगतो की विल्की कॉलिन्सच्या 'द फ्रोझन डीप' या नाटकात काम करताना ही गोष्ट सुचली. त्यात डिकन्सने केलेलं पात्र ज्याचा सूड घ्यायचा त्याच प्रतिस्पर्ध्याला वाचवून प्राण सोडतं. मूळ सांगाडा निराश माणसाचा नाही, बदललेल्या माणसाचा आहे.

## डार्नेला विचारलं का नाही?

विचारलं असतं तर त्याने नकार दिला असता, इतकं सरळ आहे. पण म्हणून हा आक्षेप मिटत नाही. शुद्धीवर आल्यावर आपल्याऐवजी दुसरा मेला हे ओझं डार्नेने जन्मभर वाहायचं, आणि निवड त्याची नव्हती. डिकन्स त्या ओझ्याकडे फारसा वळत नाही. कार्टनच्या मनातलं भविष्य दाखवतो: सुखी घर, त्याच्या नावाचा मुलगा. मला हे कादंबरीचं कच्चं अंग वाटतं. डार्नेची पुढची एक रात्र तरी दाखवायला हवी होती.

## प्रत्यक्षात असं घडू शकलं असतं का?

वाटतं तितकं अशक्य नव्हतं. छायाचित्रण अजून जन्मायचं होतं. ओळख म्हणजे यादीतलं नाव, हाकेला दिलेली ओ आणि कागद. मार्च १७९३ मध्ये स्थापन झालेल्या क्रांती न्यायालयाच्या निकालावर अपील नव्हतं, आणि शिक्षा लगोलग उरकली जाई. डिकन्सने ज्याच्या इतिहासाचा आधार घेतला त्या कार्लाइलने लुआझरोल नावाच्या वृद्ध सरदाराची हकीकत दिली आहे. नाव पुकारलं तेव्हा मुलगा झोपलेला होता, बापाने 'मीच' म्हणून ओ दिली. पहिलं नाव जुळत नव्हतं, त्याची फारशी पर्वा कोणी केली नाही.

आणि सारख्या चेहऱ्यांचा योगायोग? तो आहेच, पण शेवटच्या क्षणी आणून चिकटवलेला नाही. १७८० च्या लंडनच्या खटल्यात हाच सारखेपणा दाखवून साक्षीदाराची ओळख खोटी ठरवली जाते आणि डार्ने सुटतो. डिकन्स एकच योगायोग दोनदा वापरतो, पहिल्यांदा आपल्याला सवय व्हावी म्हणून.

## वाचला तो सरदाराचाच मुलगा, बाकीच्यांचं काय?

त्या दिवशी कार्टनच्या आधी एक शिवणकाम करणारी गरीब मुलगी गिलोटिनवर जाते. तिच्यावरचा कटाचा आरोप खोटा. हा डार्ने नाही हे ओळखणारी तुरुंगात तीच एक. ती ओरडत नाही, फक्त हात धरू देशील का म्हणून विचारते. तिला वाचवायचा बेत कोणाकडेच नाही. ती बाविसावी, कार्टन तेविसावा. कार्टनच्या त्यागाने त्या दिवसाच्या ५२ मधला एकही कमी झाला नाही, आणि डिकन्स हे लपवतही नाही, आकडा तर तिसऱ्या भागातल्या तेराव्या प्रकरणाच्या शीर्षकातच आहे.

पुन्हा वाचायला घेणार असाल तर सगळं पुस्तक एका दमात उरकायची गरज नाही. दुसऱ्या भागाचं तेरावं प्रकरण (कार्टन लूसीला शब्द देतो ते) आणि तिसऱ्या भागाची आठ ते पंधरा ही प्रकरणं सलग वाचा. शेवटच्या पानावर ते प्रसिद्ध वाक्य ('आजवर केलेल्या कशाहूनही मी आत्ता करतोय ते कितीतरी चांगलं आहे' अशा अर्थाचं) येईल तेव्हा जरा वरच्या ओळींकडे पाहा. कार्टन ते बोललेला नाही. त्याने मनातलं बोलून दाखवलं असतं तर ते असं असतं, एवढंच निवेदक म्हणतो.